ठिगळ असलं तरी चालेल

मेक्सिको शहर, ११ फेब्रुवारी १९८१

एलादिओ,

तुझं पार्सल पोचलं. उघडलं तेव्हा वरच्या मजल्यावरची शेजारीण समोरच बसली होती, त्यामुळे लपवायचीही सोय राहिली नाही. मी तुला बंद पडलेल्या थेटरांमधली जुनी पोस्टरं जमवायला पाठवलंय. तू पाठवलंस काय, तर एक बैलाचं शिंग, सर्कशीच्या जाहिराती आणि कुणा पैलवानाचा फाटका मुखवटा. मुखवटा धुऊन दोरीवर वाळत घातला तर पोस्टमन दचकला.

रविवारी ला लागुनियाच्या बाजारात माझ्या गाळ्यावर लोक येऊन विचारतात, "तोमासाबाई, नवीन काय आलंय?" मी सांगते, नवीन फक्त माझा भाचा आहे, तो जुना व्हायची वाट बघतेय. माझे गुडघे शाबूत होते तोवर मीच गावोगाव हिंडले. आता गाळा तुझ्या पायांवर चालतो आणि ते पाय जिथे जत्रा असेल तिकडे वळतात.

आता एक काम सांगते, ते नीट वाच. 'आडावरची विधवा' नावाचा एक सिनेमा होता, तू जन्मलास त्याच्या आदल्या वर्षीचा. सिनेमा पडला. पोस्टर मात्र देखणं होतं: आडाच्या कठड्याला रेललेली बाई, खांद्यावर काळी शाल, मागे लाल आभाळ. पहिल्या छपाईच्या प्रतींवर बाईच्या चेहऱ्याच्या जागी वेगळा छापलेला कागद चिकटवलेला असतो, ठिगळासारखा. मिळालं तर घे. ठिगळ असलं तरी चालेल. फाटकं असो, उंदरांनी कुरतडलेलं असो, जसं असेल तसं आण. धुऊ नकोस, मजबुतीसाठी पाठीला कापड चढवू नकोस. एक गिऱ्हाईक आहे.

वेळेवर जेवत जा.

तोमासा


हेरेस, ३ मार्च

तोमासा मावशी,

शिंगाबद्दल तू वेगळं काही बोलली नाहीस, म्हणजे ते आवडलं असं मी धरून चालतो.

तुझी विधवा अजून भेटली नाही. इथलं थेटर आता कडब्याचं आणि पेंडीचं दुकान झालंय. मालक म्हणाला, पोस्टरं होती खूप, पण पावसाळ्यात छत गळायचं तेव्हा सगळी वर ठोकली. मी शिडीवर चढून बघितलं. सगळ्यांच्या तोंडावर ओलीचे डाग, एकाही नटाला नाक म्हणून उरलेलं नाही. खाली उतरलो तर दारात चीज विकणारी एक मुलगी होती, तिची गाढवीण अडून बसली होती, मग ती गाढवीण ढकलत ढकलत मी तिच्या गावापर्यंत गेलो आणि तिथे तिच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. म्हणून पत्राला उशीर.

त्या लग्नातलीच गोष्ट सांगायची होती. एका म्हातारीने माझी हनुवटी धरली आणि विचारलं, "कुणाचा रे तू? कुणावर गेलायस?" मी म्हटलं, "माहीत नाही." सगळे हसले. तिला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाली, "अरे बापावर की आईवर?" बापावर म्हणावं तर बाप कोण ते तूही कधी बोलत नाहीस. मी म्हटलं, "आई कशी दिसायची ते मला माहीत नाही, आजी." नाचाच्या ऐन मध्ये हे तोंडातून निघून गेलं. मग कुणी हसलं नाही. म्हातारीने माझ्या ताटात आणखी मांस वाढलं.

मावशी, मी लहानपणी विचारायचो तेव्हा तू म्हणायचीस, "बाईसारखी दिसायची." मला जन्म देऊन ती दोन महिन्यांत गेली आणि तिचे होते ते दोन्ही फोटो आजीने तिच्याबरोबर पेटीत ठेवून पुरले, एवढं मला माहीत आहे. आजीवर माझा राग नाही. पण एक तरी मागे ठेवायचा. मी बसमध्ये बायकांच्या चेहऱ्यांकडे बघत बसतो, एखादी तशी असेल म्हणून. परवा एकीने मला पर्स मारली.

तू सांग ना. तुझी सख्खी बहीण होती. आता मी तेवीस वर्षांचा घोडा झालोय, रडणार नाही.

एलादिओ


मेक्सिको शहर, १५ मार्च

एलादिओ,

पर्स मारली ते उत्तम केलं. त्या बाईला माझा नमस्कार सांग.

तू विचारलंस त्याचं उत्तर लिहायला मी बसले होते. थोडं लिहून झालं, मग वाचून बघितलं, तर ती कुठलीही मुलगी होती. दोन डोळे, एक नाक, लांब वेणी. असं तर निम्म्या मेक्सिकोचं वर्णन करता येईल. कागद चुलीत घातला.

तू आधी ते पोस्टर शोध. मग बोलू, समोरासमोर. साकातेकासच्या दक्षिणेला त्लाल्तेनांगोच्या बाजूची गावं बघ. पहिल्या छपाईचे गठ्ठे तिकडे गेले होते. मला कसं ठाऊक ते आता विचारू नकोस. आणि वाटेत गाढवीण दिसली तर डोळे मीट.

तोमासा


त्लाल्तेनांगो, ९ एप्रिल

तोमासा मावशी,

बसली आहेस का? तुझी विधवा मिळाली.

इथल्या थेटरात तिकिटं फाडायची ती एउफ्रासिया नावाची आजी अजून आहे. थेटर बंद झालं तेव्हा मालकाने तिला पगाराऐवजी पोस्टरांचा गठ्ठा दिला. तिने काय केलं, तर पलंगाच्या स्प्रिंगांचा गंज गादीला लागू नये म्हणून सगळी पोस्टरं मध्ये पसरली. इतकी वर्षं त्यांच्यावर झोपतेय. म्हणाली, "एवढे देखणे पुरुष अंगाखाली घेऊन गावात दुसरं कोण झोपलंय, सांग." मी दोन दिवस तिचं पाणी भरलं, कोंबड्यांच्या खुराड्याला नवीन जाळी मारली, मग तिने गादी उचलू दिली. पार खालून दुसरं तुझं होतं. कागद असा सपाट, जणू इस्त्री केलेला. पाठीला फक्त स्प्रिंगांची गोल गोल नक्षी.

ठिगळवालंच होतं. तू धुऊ नकोस म्हणालीस, धुतलं नाही. पण ठिगळाचा वरचा कोपरा आपणहून सुटला होता आणि तू मला ओळखतेस. ओलं फडकं जरा टेकवलं, आत पिठाची साधी खळ, लगेच सुटत गेली. मी हनुवटीपर्यंत उचललं. खाली नटी नाहीच, भलतीच कोणीतरी पोरगी. एक भुवई वर चढलेली, पुढचा दात जरा आडवा, आणि तोंड असं की आता हसेल आणि मग समोरच्याची धडगत नाही. मला हसूच आलं. नवरा मेलेल्या बाईचा असा चेहरा असतो का? चित्रकाराची मैत्रीण असेल, नाहीतर कपडे धुणारी. नटीला हे कळलं असणार आणि तिने झाकायला लावलं असणार. एउफ्रासिया आजीला दाखवलं, तीही हसली, म्हणाली, "ही विधवा नव्हे, हिने कुणालातरी आडात ढकललंय." ठिगळ परत दाबून बसवलं, कुणाला कळणार नाही असं.

आता खरी बातमी. बस स्टँडवरच्या खानावळीत कोण भेटावं? कासिमिरो. तोच, ज्याच्या मिशीला तू बुटाचा ब्रश म्हणतेस. तोही पोस्टरं शोधतच फिरतोय. आणि त्याच्या पोस्टरांच्या नळीत 'आडावरची विधवा', दुसऱ्या छपाईची, ठिगळ नाही, डाग नाही, नटीचा चेहरा मूळचाच छापलेला. मी म्हटलं, बदलाबदली करतोस? तो लगेच हो म्हणाला, वर माझ्या बीन्सच्या वाटीचे पैसेही त्यानेच दिले. तू म्हणशील कासिमिरो लगेच हो म्हणाला तिथेच सावध व्हायचं. त्याला म्हणे जुन्यातलं जुनं लागतं, ठिगळ त्याचा माणूस बेमालूम करतो. करू दे. तू लिहिलं होतंस की ठिगळ असलं तरी चालेल, मग बिनठिगळाचं मिळाल्यावर तुझं गिऱ्हाईक माझ्या हाताचे मुके घेईल.

पत्र्याच्या नळीत घालून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, हे पत्रही त्यातच. या वेळी शिंग नाही, मुखवटा नाही. आता तू कबूल केल्याप्रमाणे समोरासमोर बोलायचं. कोलोत्लानची जत्रा झाली की लगेच निघतो.

तुझा कर्तबगार भाचा,
एलादिओ


मेक्सिको शहर, १८ एप्रिल

एलादिओ,

नळी मिळाली. खाली गल्लीत पोरं एकमेकांवर पाणी उडवतायत, आज ईस्टरच्या आदला पवित्र शनिवार. मी खिडकी लावून घेतली आहे.

तू कुठेतरी बस आणि मग पुढचं वाच.

ठिगळाखालची मुलगी तुझी आई आहे. हासिंता.

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. गिऱ्हाईक तू होतास.

पोस्टरं छापायच्या कारखान्यात मी कामाला होते. हासिंता दुपारी माझा डबा घेऊन यायची. चित्रकाराला आडाशी बसायला कोणीतरी हवं होतं, नटी शूटिंगला गेली होती. तो हासिंताला म्हणाला, पोरी, इथे रेलून बस, चेहरा मी नंतर बदलेन. ती दोन दुपारी बसली. त्याने चेहरा बदलला नाही. त्याला तो आवडला, तसाच छपाईच्या दगडावर चढला, तसाच छापला. नटीने बघितलं आणि कारखान्यात येऊन थयथयाट केला. तोवर एवढे कागद छापून झाले होते, फेकणार कोण? म्हणून नटीचा चेहरा वेगळा छापून वर चिकटवला. पुढच्या छपाईत तर दगडच बदलला.

तिचा जगात दुसरा चेहरा नाही. दोन फोटो होते ते मातीत गेले. मी वर्षानुवर्षं ती पहिली छपाई शोधतेय, तेवढ्यासाठी तर मी या धंद्यात पडले. हाताला लागली ती सगळी दुसऱ्या छपाईची. प्रत्येक वेळी घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसून राहायचे आणि तू येऊन विचारायचास, "मावशी, कोण मेलं?" एवढासा होतास. तेव्हाच ठरवलं, या पोराला अशी वाट बघायला लावायची नाही. मिळालं तर सांगायचं. म्हणून गिऱ्हाईक म्हटलं, म्हणून चालेल म्हटलं. तुला संशय येऊ नये म्हणून सहज म्हणाल्यासारखं लिहिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पाकीट बंद केलं. तेच हवं, असं लिहायचं होतं मी. तुझी चूक नाही. हे दोनदा वाच.

कासिमिरोला गाठ. त्याला खरं ते सांग, काही लपवू नकोस. लबाड आहे, पण दगड नाही. जत्रेला जाऊ नकोस.

मावशी


आग्वासकालिएन्तेस, ३० एप्रिल

मावशी,

पत्र कोलोत्लानच्या पोस्टात मिळालं. जत्रा सुरू होती. मी चाकाच्या पाळण्याशेजारी उभं राहून वाचलं.

मी हसलो होतो. तुला लिहिलंही, हसू आलं म्हणून. तिला कपडे धुणारी म्हटलं मी.

कासिमिरोला इथे त्याच्या आईच्या घरी गाठला. तो जेवत होता. मी सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. त्याची आई म्हणाली, "बघतोस काय, देऊन टाक." तो म्हणाला, "आई, माझ्याकडे नाहीये." त्याने ते ग्वादालाहाराला पाठवलंय, कापडावर चढवणाऱ्याकडे. फाउस्तिनो म्हणून आहे. त्याच्यासाठी कासिमिरोने चिठ्ठी दिली आहे की हे पोस्टर या मुलाचं आहे, आहे त्या स्थितीत देऊन टाक. बदल्यात काही नको म्हणाला. बस स्टँडवर पोचवायला आला आणि तिथे म्हणाला, "मला वाटलं तुला त्यातलं कळत नाही, म्हणून मी हसत होतो त्या दिवशी." मी म्हटलं, "मीही."

रात्रीच्या बसने जातोय. पुढचं पत्र ग्वादालाहाराच्या पोस्टात माझ्या नावाने टाक.

एलादिओ


मेक्सिको शहर, १० मे

एलादिओ,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पुढे काही नाही. माझ्या मनात काय काय येतं ते लिहीत नाही.

आज आईचा दिवस. शेजारच्या चौकात सकाळपासून गाणारे आणलेत, वरच्या शेजारणीला तिच्या मुलांनी मिक्सर दिला. मला दरवर्षी तू काहीतरी विचित्र आणून द्यायचास. मागच्या वर्षी तो जिवंत टर्की.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. ती ठिगळं आम्हीच चिकटवली. कारखान्यातल्या सगळ्या पोरी लांब टेबलाला बसलो होतो, मध्ये खळीची बादली. काम घाईचं होतं म्हणून हासिंतालाही बसवलं. ती माझ्या शेजारी बसून स्वतःच्याच तोंडावर कागद चिकटवत होती. प्रत्येक वेळी म्हणायची, "चला बाई, झोपा आता," आणि तळहाताने दाबायची. सगळ्या पोरी हसून लोळत होत्या. मीही. तू तिच्या पोटात होतास, ते अजून कुणाला माहीत नव्हतं, मलासुद्धा. एक प्रत घरी न्यावी असं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. तिचा चेहरा तर रोज घरात होताच.

आता जे सांगते ते समोरासमोर सांगणार होते, पण धीर होईल असं वाटत नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही. तुला वाटायचं मी सांगत नाही. मला सांगताच येत नव्हतं. तिचा आवाज आहे माझ्याकडे, चालणं आहे, केस विंचरताना चिडायची ते आहे. चेहरा कधी गेला ते कळलंच नाही. मधूनच आठवायला गेले आणि तिथे ठिगळ होतं, नटीचं. इतकी वर्षं तेच पोस्टर शोधून शोधून मी स्वतःच ते तिच्यावर घट्ट बसवलं.

तू भुवई लिहिलीस तेव्हा मला ती एक क्षण दिसली. पळी हातात घेऊन दारात उभी. मग गेली. आणि दात आडवा होता. एलादिओ, तो मी विसरले होते, आणि वाचल्याबरोबर जीभ माझ्याच दातावरून फिरली, कारण तो दात माझ्या हातून पडता पडता वाचला होता, लहानपणी झोक्यावर.

तू तिला माझ्यानंतर बघितलं आहेस. पोस्टर मिळो न मिळो, तुला जे आठवत असेल ते सगळं मला लिही. फालतू वाटलं तरी लिही. लवकर, म्हणजे तुझ्याकडूनही जायच्या आत.

मावशी


ग्वादालाहारा, २४ मे

मावशी,

तुझं पत्र पोस्टात पडून होतं. मी आणायलाच गेलो नव्हतो. इथे आलो त्याच सकाळी फाउस्तिनोकडे गेलो होतो, त्यानंतर काही लिहिता आलं नाही. एका बेकरीत काम धरलंय, पीठ मळतो.

पोस्टर मिळालं. माझ्याजवळ आहे. फाउस्तिनोने चिठ्ठी वाचली आणि लगेच दिलं, चांगला माणूस आहे. मी गेलो तेव्हा ते फळीवर ताणलेलं होतं, वाळलेलं, पूर्ण झालेलं. त्याने पाठीला कापड चढवलंय, ठिगळ दाबून कागदात जिरवलंय आणि कडा रंगवून टाकल्यात. मी काही बोलायच्या आधीच मला म्हणाला, "सांधा शोधून दाखव." मी बोट फिरवलं. सांधा नाही.

मी विचारलं, आता हे वरचं निघेल का? म्हणाला, निघेल, पण खालचं घेऊन निघेल. दोन्ही आता एकच झालंय, खालचा कागद धाग्याधाग्याने सुटेल. मी विचारलं, तुम्ही खाली बघितलं होतंत का? तो म्हणाला, "कोपरा सुटलेला दिसला, खळ भरली आणि दाबला. आत काय आहे ते बघत बसलो तर दिवसाला एक काम होईल." मग मी त्याला सांगितलं. त्याच्या बायकोने मला कॉफी दिली. तो अंगणात जाऊन उभा राहिला.

नुसता कागद असता तर उन्हात धरून आरपार दिसलं असतं. मी ते घेऊन खोलीच्या गच्चीवर गेलो, ऐन दुपारी, सूर्याकडे धरलं. कापडाची वीण दिसते, मावशी. बारीक चौकोन चौकोन. आणि त्यावर नटी.

वाफ देऊन बघावं असं रोज वाटतं. बेकरीत वाफ खूप आहे. एकदा रात्रपाळीला घेऊनही गेलो होतो. नाही केलं. आता ती आत आहे हे तरी मला माहीत आहे.

तू लिहिलंस, आठवेल ते सगळं लिही. लिहितो.

कागद जाड होता, पिवळट, हाताला खरखरीत. आडव्या दोन घड्या, उभी एक. वरच्या कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, गंजाच्या गोल डागांसकट. लाल आभाळ डावीकडे फिकं पडलेलं, तिथे कधीतरी ऊन लागलं असणार. खाली छापखान्याचा आकडा होता, तो मी दोनदा वाचला. ठिगळाच्या उलट्या बाजूला खळीत बोटाचा ठसा वाळून राहिला होता, पूर्ण, रेघारेघांचा. तो तुझा असेल किंवा तिचा. तो नीट बघितला मी, कारण खळ कसली आहे ते मला बघायचं होतं.

आता चेहरा. एक भुवई वर होती. डावी. उजवीही असू शकेल. दात दिसत होता म्हणजे ओठ मिटलेले नसणार. केस मागे घेतलेले होते की शालीखाली होते ते सांगता येत नाही. कानात काही असेल तर मला दिसलं नाही. डोळे होते. ते माझ्याकडे बघत होते की बाजूला, हे मी इथे रोज मळताना आठवून बघतो, कधी असं वाटतं, कधी तसं. रंग आठवत नाही.

एवढंच आहे. मी फार थोडा वेळ उचलून धरलं होतं, मावशी, आणि त्यातही मी कागद बघत होतो.

एलादिओ